वाजवतानाचं तोंड

"आवाजाचं काही नाही हो," बायको म्हणाली, "वाजवताना तुमचं तोंड बघवत नाही."

म्हणाली आणि पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायला लागली. बोलण्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. न्हाणीघरातला नळ गळतोय एवढंच सांगावं तशी ती बोलली. विषय निघाला होता तो साधाच. दंतवैद्यांच्या संघटनेचा वार्षिक मेळावा जवळ आला होता, मेळाव्यात तो ज्यांच्याकडे दात घडवायचा त्या डॉक्टरांचा बँड वाजणार होता, आणि शेवटच्या गाण्यात बाकी सगळे मागे सरून एकट्या त्याची गिटार पुढे येणार होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिने आपल्याला वाजवताना एकदाही धड पाहिलेलं नाही, हे त्याच्या मनात फार दिवस सलत होतं. म्हणून तो म्हणाला होता, तू पहिल्या रांगेत बस. ती म्हणाली होती, येईन, पण मागे बसेन. तो म्हणाला होता, आवाज फार होईल म्हणून ना? आणि मग ते वाक्य आलं. त्याच्या मांडीवर गिटार होती, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत तारा छेडायचं प्लॅस्टिकचं पिक होतं, आणि जे बघवत नव्हतं ते तोंड किंचित उघडं होतं. ते त्याने मिटलं. मिटल्यावर त्याला कळेना, आता ते मिटलेलं कसं दिसत असेल. "म्हणजे काय होतं तोंडाचं?" त्याने विचारलं. "मला नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "तुम्हीच बघा की एकदा. मोबाइल आहेच." आणि त्याच्या पायमोज्यांची जोडी जुळवून तिने एक मोजा दुसऱ्यात कोंबला.

मोबाइल होताच, आणि त्यात त्याचे व्हिडिओही भरपूर होते, पण एकातही तोंड नव्हतं. गिटारचे सर त्याच्याहून निम्म्या वयाचे, लांबच्या कुठल्या तरी शहरात राहणारे; शिकवणी सगळी मोबाइलवर. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, चेहरा नको, हात दाखवा, दोन्ही हात जवळून. त्यामुळे वर्षानुवर्षं त्याने स्वतःला पाहिलं होतं ते गळ्याच्या खाली. पोट, पोटावर लाल गिटार, तिच्या मानेवर पळणारी डाव्या हाताची बोटं आणि तारांपाशी थरथरणारं उजवं मनगट. या मनगटाचा त्याला फार अभिमान होता. सुरुवातीला तो कोपरापासून हात हलवायचा, लाकूड रंध्याने तासल्यासारखा. ते त्याने मोडलं. पिकचं टोक तारेत खोल बुडायचं, ते वर घेतलं, इतकं की तारेला नुसता स्पर्श व्हावा. डाव्या हाताची बोटं तारेवरून उचलल्यावर हवेत उंच जायची, त्यांना जवळच राहायला शिकवलं. ठोके देणारा मेट्रोनोम हळू लावायचा, एकच ओळ स्वच्छ येईपर्यंत घोळवायची, मग काटा एक घर पुढे. पुन्हा अडखळलं की एक घर मागे. हे त्याने संध्याकाळमागून संध्याकाळ केलं होतं, आणि शेवटी असा वेग कमावला होता की डॉक्टर तालमीत ड्रमवरच्या काड्या खाली ठेवून म्हणायचे, "उस्ताद, बोटं आहेत का शिलाई मशीन?" आणि बायको या सगळ्या संध्याकाळी पलीकडच्या खोलीत दार लावून बसायची. तिला आवाजाचा त्रास नको म्हणून त्याने महागाचे हेडफोन आणले होते. हेडफोन लावल्यावर बाहेर ऐकू यायचं ते तारांचं नुसतं कुरकुरणं, उंदराने कागद कुरतडल्याएवढं. तरी दार लागलेलंच असायचं. याचं त्याला कधी नवल वाटलं नव्हतं, ते आता वाटत होतं.

ती भाजी आणायला गेल्यावर त्याने मोबाइल कपाटातल्या पुस्तकांना टेकवून उभा केला, आपलं डोकं चौकटीत येईल असा, आणि शेवटच्या गाण्यातला सोलो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. वाजवताना नेहमी व्हायचं तेच झालं. सुरुवातीचे दोन सूर संथ, मग पायऱ्या, मग ती मोठी चढण, आणि चढणीच्या मध्यावर कुठे तरी स्वतःचं वजन नाहीसं होणं. तिथे पोचल्यावर त्याला आपण कोण, किती वर्षांचे, कुठल्या खुर्चीवर बसलोय हे काही उरत नसे. आत एक झगझगीत, सडपातळ, तरणाबांड माणूस असे, आणि तो माणूस आपणच याबद्दल शंका नसे. त्याने वाजवणं थांबवलं, घाम पुसला आणि व्हिडिओ लावला. पडद्यावर एक प्रौढ माणूस काही तरी खात होता. खालचा जबडा उजवीकडे सरकला होता आणि पिकच्या प्रत्येक फटक्याबरोबर वर-खाली होत होता, बारीक, घाईघाईने, कुणी हिसकावून घेईल या भीतीने हाडूक चघळणाऱ्या कुत्र्यासारखा. वरचा ओठ ओढला जाऊन हिरडी दिसत होती. ओठांच्या कोपऱ्यात पांढरा फेस जमला होता, आणि चढणीच्या मध्यावर, जिथे तो झगझगीत माणूस प्रकट व्हायचा, नेमकी तिथे जीभ बाहेर आली, ओठांवरून फिरली, फेस घेऊन आत गेली. त्याने आवाज बंद करून ते पुन्हा पाहिलं. आवाजाशिवाय तर ते सरळ सरळ घाणेरडं होतं. पडद्यावरच्या त्या तोंडाला काही लाज नव्हती, उलट मजा येत होती, आणि ती मजा त्याला स्वतःच्या जिभेवर अजून लागत होती, हे सगळ्यात वाईट.

तोंडं त्याला नवी नव्हती. तोंडांवर तर त्याचं पोट होतं. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या तळघरात त्याची दातांची लॅब होती. वर डॉक्टर रोग्यांच्या तोंडात गुलाबी लगदा दाबून जबड्याचं माप घ्यायचे, ते माप खाली त्याच्याकडे यायचं, त्यात तो प्लास्टर ओतायचा, आणि त्या प्लास्टरच्या जबड्यावर कवळी किंवा दातावरची टोपी घडवायचा. रोगी त्याने कधी पाहिला नाही; जबडे हजारोंनी पाहिले. मापं यायची ती रक्ताचा ओघळ, थुंकीची तार, मागच्या दाढेतून निघालेला दुपारच्या जेवणाचा कण यांच्यासकट. सुरुवातीला त्याला ओकारी यायची, जेवणाचा डबा उघडवत नसे. पुढे सवय झाली. इतकी की डबा एका हाताने खायचा आणि दुसऱ्या हाताने माप धुवायचा. दात पाहून त्याला माणूस कळायचा. हा एकाच बाजूने चावतो, ही झोपेत दात खाते, याने वर्षानुवर्षं पाइप ओढलाय. तो हे डॉक्टरांना सांगायचा आणि डॉक्टर हसून म्हणायचे, तुम्ही वर येऊन बसा, मी खाली जातो. अशा माणसाने, जो परक्यांच्या दाढांवरून त्यांच्या रात्री वाचतो, त्याने आपल्या तोंडात काय चाललंय ते बायकोकडून ऐकावं, तेही मोज्यांच्या घड्या घालताना! दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने लॅबचं दार आतून लावलं, लगदा कालवला आणि आपल्या तोंडात दाबला. थंडगार, बुळबुळीत गोळा घशाकडे सरकला, डोळ्यांत पाणी आलं, नाकातून श्वास घेत तो बेसिनवर वाकून उभा राहिला. इतकी वर्षं लोक हे सोसत आलेत आणि आपण त्यांच्या थुंकीला नाकं मुरडत आलोय, असं काही उदात्त त्याच्या मनात आलं नाही. त्याला फक्त आपल्या तोंडाची चव आली, आणि ती चांगली नव्हती.

प्लास्टर सुकल्यावर दिव्याखाली धरून पाहिलं तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. उजव्या बाजूच्या दाढा घासून सपाट झाल्या होत्या. उंचवटे गेले होते, सुळ्याचं टोक तिरपं कापल्यासारखं. झोपेत दात खाणाऱ्याची झीज वेगळी असते, दोन्ही बाजूंना असते. ही एका बाजूची, तिरकी, चकचकीत झीज. ती त्याने आधी एकदाच पाहिली होती, एकाच माणसाच्या तोंडात, आणि त्या माणसाच्या तोंडात तर स्वतःचे दातसुद्धा नव्हते. वडिलांची कवळी त्यानेच केली होती. वर्ष-दोन वर्षांत तिच्या उजव्या दाढा झिजल्या. त्याने माल हलका लागला म्हणून पुरवठा करणाऱ्याला झाडलं आणि नवीन केली. तीही झिजली, तशीच. तेव्हा तो वडिलांवर उखडला होता. "बाबा, रात्री काढून ठेवत जा म्हणून सांगितलंय ना?" "काढूनच ठेवतो रे." "मग काय दगड चावता का?" वडील टंकलेखक होते, कचेरीत सगळ्यात वेगवान, वेगाच्या स्पर्धेतला एक चेपलेला कप घरात होता. संध्याकाळी घरीही लोकांचे अर्ज टंकून द्यायचे. ते मशीनवर बसले की त्यांचा जबडा उजवीकडे सरकायचा आणि कळांबरोबर टकटक करायचा, आणि ओळ संपून गाडा मागे ढकलताना जीभ बाहेर येऊन ओठांवरून फिरायची. लहानपणी त्याला ते तोंड पाहिलं की जेवण जायचं नाही. शाळेतला मित्र एकदा घरी आला आणि खिडकीतून ते पाहून खिदळला, तेव्हा हे माझे काका आहेत, असं त्याने सांगितलं होतं. आई खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून भाजी निवडायची. उजेड तिकडे चांगला येतो, असं ती म्हणायची. भिंतीत खिडकी नव्हती. वडील वारले त्याच्या आधीची काही वर्षं नुसते खुर्चीत बसलेले असायचे, मशीन केव्हाच भंगारात गेलेलं, आणि दोन्ही हातांची बोटं खुर्चीच्या हातांवर हलायची. तोंडही हलत असणार. दिवसभर. त्याने तिकडे बघायचं टाळलं होतं, म्हणूनच त्याला माल हलका वाटला होता.

वारशाने माणसाला घर येतं, जमीन येते, गेलाबाजार नाक येतं. याच्याकडे आलं ते हे. गिटार त्याने वडिलांच्या त्या टकटकाटापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाण्यासाठी हातात घेतली होती. विजेवर चालणारी, लाल, निर्लज्ज. आणि विजेच्या दुसऱ्या टोकाला वडीलच बसले होते, जीभ बाहेर काढून. त्याला वडिलांची दया यायला हवी होती. आली नाही. किळस आली, आणि किळस आल्याबद्दल स्वतःची आणखी किळस आली, आणि या सगळ्यातून एकच स्पष्ट इच्छा वर आली की बायकोने आईसारखं भिंतीकडे तोंड करून बसता कामा नये. तिने पहिल्या रांगेत बसायचं आणि वाजवणाऱ्या नवऱ्याकडे बघायचं. यापलीकडे त्याला आता काही नको होतं. सोलो गेला खड्ड्यात. त्याने सरांना विचारलं, आडवळणाने, की वाजवताना चेहरा वाकडातिकडा होत असेल तर काय करावं. सरांचा आवाज मोबाइलवर आला, मागे कुणी तरी भांडी घासत होतं. "अहो काका, चेहऱ्याचं काय घेऊन बसलात! सगळ्यांचंच होतं ते. ताण कुठे तरी जाणारच ना? तुमचा हात बघा किती सैल आहे. खांदा सैल, मनगट सैल. अजून काय पाहिजे?" म्हणजे त्याने खांद्यातून हाकललेला, कोपरातून हाकललेला, मनगटातून हाकललेला ताण एवढी वर्षं कुठे जाऊन बसला होता ते उघड झालं. ज्याचा त्याला गर्व होता ती सगळी सफाई म्हणजे केर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत लोटणं होतं.

मग त्याने, त्याच्यासारख्यालाच सुचेल अशी, एक चूक केली. आपल्या त्या प्लास्टरच्या जबड्यांवर त्याने दातांना बसणारी एक जाड पारदर्शक पट्टी घडवली, खालचा जबडा वरच्याला जखडून टाकणारी, तसूभरही हलू न देणारी. काम सुरेख झालं होतं. पट्टी चढवली की टक् असा आवाज होऊन तोंड बंद. संध्याकाळी ती चढवून त्याने मेट्रोनोम नेहमीच्या वेगाला लावला आणि सोलो सुरू केला. हात चालेचनात. पायऱ्यांपर्यंत कसाबसा गेला, आणि चढणीला लागताच उजवं मनगट आणि डावी बोटं यांची फारकत झाली; मनगट पुढे, बोटं मागे, मधल्या सुरांचा नुसता चिखल. पुन्हा केलं, पुन्हा चिखल. त्याने पट्टी ओढून काढली, लाळेची लांब तार हनुवटीपासून गिटारपर्यंत लोंबली, आणि पट्टीशिवाय तोच भाग वाजवला तर खणखणीत आला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. हात मेट्रोनोम ऐकतच नव्हते. मेट्रोनोम ऐकत होता तो जबडा, आणि हात जबड्याचं ऐकत होते. वेग बोटांत नव्हताच, मनगटात नव्हता. तो त्या चघळण्यात होता. तोंड बांधलं की उस्ताद संपले. तो बराच वेळ लाळ पुसत बसला. फडक्याला आंबूस वास येत होता आणि तारांखालच्या पिकअपच्या कडांमध्ये थुंकी गेली होती, ती काडीने कोरून काढावी लागली.

पट्टी टाकून देऊन त्याने पहिल्या इयत्तेपासून सुरुवात केली. दात एकमेकांपासून अलग, जीभ खालच्या दातांमागे निजवलेली, समोर आरसा. मेट्रोनोम इतका हळू की दोन ठोक्यांच्या मध्ये माणसाला जांभई देता यावी. हात बिचारे आंधळ्यासारखे चाचपडत. तोंड सैल सोडलं की लाळ सुटे, ती गिळायला गेलं की सूर चुके. रोज आरशात बघताना त्याला आपल्या चेहऱ्याचे असे बारकावे दिसायला लागले की आधीचा व्हिडिओ परवडला; नाकातले केस, गालावरचं लोंबतं मांस, आणि त्या सगळ्याच्या मध्ये शहाण्या मुलासारखं उघडं ठेवलेलं तोंड. पण हळूहळू जमू लागलं. काटा एकेक घर पुढे सरकत गेला आणि एका ठिकाणी आला, तिथे आला की जबडा आपोआप उजवीकडे जायचा. त्याच्या अलीकडे माणसाचा चेहरा, त्याच्या पलीकडे कुत्र्याचा. ती सीमा त्याने कितीदा तरी ओलांडून पाहिली, कधी हसऱ्या तोंडाने, कधी शीळ घालत; पलीकडे जाताना तोंड वडिलांचं होऊनच जायचं. मग त्याने सोलोच बदलला. गाण्याची लय तीच राहणार होती, तेव्हा सूरच कमी केले. पायऱ्या गेल्या, चढण गेली, जिथे मूठभर सूर होते तिथे एक ठेवला. जे उरलं ते स्वच्छ होतं, सभ्य होतं, आणि वाजवताना त्याला काहीही होत नव्हतं. तो झगझगीत माणूस परत आला नाही. एका संध्याकाळी बायको इस्त्रीचे कपडे ठेवायला खोलीत आली तेव्हा त्याने वाजवणं थांबवलं नाही, उलट मान वर करून तिच्याकडे बघितलं. "आता बरं दिसतंय का?" त्याने विचारलं. ती कपाटापाशी थांबली, तिने पाहिलं. "हो, बरंय की," ती म्हणाली. "मग बसशील पुढे?" "बसेन हो. एवढं काय त्यात!" दार तिने जाताना ओढून घेतलं, पण सवयीने असेल, असं त्याने धरून चाललं. त्या दिवशी त्याला इतका आनंद झाला की त्याला स्वतःचीच थोडी शरम वाटली.

तालमीत डॉक्टरांना नवा सोलो रुचला नाही. "उस्ताद, बाकीचे सूर काय घरी विसरलात? आमच्या त्या भूल देणाऱ्या बाई गातात, तेवढी झोप पुरेशी आहे लोकांना. तुम्ही तरी जागं करा." बाई हसल्या, डॉक्टर हसले, बास गिटार वाजवणारा मालाचा पुरवठादार हसला. हा म्हणाला, असंच बरं वाटतं, भारदस्त. डॉक्टर म्हणाले, भारदस्त कवळ्या करा हो, इथे पळवा. पण माणूस दिलदार होता, त्याने ताणून धरलं नाही. याला वाटलं, या लोकांना काय ठाऊक, मी काय देऊन काय घेतलंय. तालमीच्या खोलीत तो नेहमी ड्रमकडे पाठ करून उभा राहायचा आणि नजर आपल्या बोटांवर असायची, कारण त्या वेगात नजर हलवणं परवडण्यासारखं नव्हतं. आता परवडत होतं, तरी सवयीने तो बोटांकडेच बघत राहिला.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह दंतवैद्यांनी भरलेलं होतं. सगळे दात दाखवून हसत होते आणि कुणाचे कुठल्या लॅबमधून आलेत ते त्याला मंचावरून ओळखू येत होतं. बायको पहिल्या रांगेत बसली होती, डॉक्टरांच्या बायकोशेजारी, निळ्या कपड्यांत, पर्स मांडीवर. तिने त्याला पाहून हात किंचित वर केला. गाणी सुरू झाली. त्याने दात अलग ठेवले, जीभ निजवली, आणि पहिल्याच गाण्यात मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती बघत होती. हसत होती. चेहरा उजळला होता, ओठ विलग झाले होते, लहान मुली सर्कशीत बसतात तशी ती पुढे सरकून बसली होती. इतक्या वर्षांत तिचा हा चेहरा त्याने पाहिला नव्हता, किंवा पाहिला असेल तर फार आधी, लग्नाच्याही आधी. त्याला हुरूप आला आणि सुरात किंचित थरथर आली, ती गोड होती. मग त्याच्या लक्षात आलं की तिची नजर त्याच्यावर नाही. नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली होती. एक सूर लांबवून धरत त्याने मान वळवली. मागे डॉक्टर ड्रम बडवत होते. त्यांची जीभ बाहेर लोंबत होती, पार हनुवटीपर्यंत, जाडजूड, गुलाबी, ओली. डोळे वर गेले होते, नुसता पांढरा भाग दिसत होता. गाल प्रत्येक ठोक्याला हिंदकळत होते आणि जिभेच्या टोकावरून खाली काही तरी ठिबकत होतं. त्याच्या व्हिडिओतलं तोंड याच्यापुढे देवघरात ठेवण्याच्या लायकीचं होतं. आता हिला मळमळेल, त्याला वाटलं, आणि त्याने काळजीने पुन्हा समोर पाहिलं. ती डॉक्टरांच्या बायकोच्या कानाशी लागून काही तरी सांगत होती, दोघी खुदखुदल्या, आणि तिने पुन्हा मान वर करून तिकडेच पाहिलं, आवडीने.

शेवटचं गाणं आलं. डॉक्टरांनी आवाज खाली आणला, बाई बाजूला झाल्या, दिवा फक्त त्याच्यावर राहिला. आता बघण्यासारखा दुसरा कुणी नव्हता, तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं. तो वाजवत होता. चेहरा त्याचा इतका नीट होता की दंतवैद्यांच्या भिंतीवर टांगावा. आणि त्याने पाहिलं, तिच्या नाकपुड्या थोड्याशा आत ओढल्या गेल्या. फार थोड्या. हे त्याला ओळखीचं होतं. न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले त्याचे केस काढताना तिच्या नाकपुड्या अशा होत. त्याचा उष्टा कप दोन बोटांनी उचलताना अशा होत. झोपेत त्याचा पाय तिच्या पायाला लागला आणि तिने पाय ओढून घेतला, तेव्हा अंधारात दिसलं नाही तरी त्या अशाच होत असणार. तिला याची कल्पनाही नव्हती. तिने प्रामाणिकपणे कारण शोधलं होतं आणि तिला तोंड सापडलं होतं. त्याने उरलेले सूर एकेक करून वाजवले, एकही चुकला नाही. टाळ्या पडल्या, बेताच्या. तिनेही वाजवल्या, पर्स पडू नये म्हणून काखेत धरून.

गाडीत बसल्यावर तिने खिडकीची काच थोडी खाली केली. पार्किंगमधून बाहेर पडायला गाड्यांची रांग होती. तो म्हणाला, "डॉक्टरांचं तोंड पाहिलंस का वाजवताना?"

"अहो, पाहिलं म्हणजे काय!" ती मोठ्याने हसली. "केवढी ती जीभ! आणि डोळे कसे फिरवत होते! हसून हसून पुरेवाट झाली माझी. मजा आली बघायला."

"आणि माझं?"

"तुमचं?" ती आठवू लागली, तिला आठवावं लागत होतं. "तुमचं ठीक होतं. छान, गप्प होतं."

पुढची गाडी हलली. त्याने क्लच सोडला. उद्यापासून त्याला पुन्हा हवं तेवढं वेगाने वाजवता येणार होतं, जीभ काढून, फेस काढून, आरशाशिवाय. ज्याच्यासाठी तोंड मिटून ठेवावं, असं आता घरात कुणी नव्हतं.